खासगी की शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज: ऑप्शन फॉर्म भरण्याआधी चार वर्षांचा खर्च कसा मांडायचा

जुलै-ऑगस्टमध्ये पालक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या हातात अलॉटमेंटची प्रिंट असते. प्रश्न एकच असतो, "सर, एवढी फी आहे, घ्यावं का?" मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला शिकवतो आणि बरीच वर्षं मुलांचे प्रवेशाचे फॉर्म भरून देतो. प्रिंट हातात आल्यावर या प्रश्नाला समाधानकारक उत्तर उरत नाही. सीट नाकारली तर पुढची फेरी हातची जाण्याची भीती असते, घेतली तर पैशांची जुळवाजुळव चार दिवसांत करावी लागते. हा प्रश्न ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रांचची पसंतीक्रमाची यादी, भरायच्या किमान महिनाभर आधी विचारायचा असतो.

चुका ठरलेल्या आहेत. पहिल्या वर्षाची फी बघून दोन कॉलेजांची तुलना होते. शिष्यवृत्ती "मिळेलच" किंवा "आपल्याला कुठे मिळते" असं अंदाजाने ठरतं. राहण्या-खाण्याचा खर्च हिशोबात येतच नाही. आणि शासकीय म्हणजे स्वस्त, खासगी म्हणजे महाग, एवढ्यावर यादी तयार होते.

माझ्या भाच्याच्या वेळी हेच झालं. त्याला कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, दुसऱ्या जिल्ह्यातलं शासकीय कॉलेज लागलं होतं. हवी ती ब्रांच नव्हती, म्हणून घरच्यांनी ती सीट सोडून पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात संस्था स्तरावरची, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातली, जागा घेतली. "शिष्यवृत्तीचं नंतर बघू," असं तिथे सांगितलं गेलं आणि आम्ही कुणीच पुढे विचारलं नाही. नोव्हेंबरमध्ये महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरायला बसलो तेव्हा कळलं, की कॅपबाहेरच्या जागेला शिष्यवृत्ती नसते. बहिणीने दोन वर्षं सोनं तारण ठेवून फी भरली. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. क्रम बदलू नका.

टप्पा १: कॉलेजचे प्रकार आधी वेगळे करा

फक्त "सरकारी" आणि "प्रायव्हेट" असे दोन रकाने करू नका. फी कोण ठरवतं आणि शिष्यवृत्ती लागू होते का, यावरून पाच रकाने पडतात.

१. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, चंद्रपूर, जळगाव, यवतमाळ, अवसरी, नागपूर, रत्नागिरी इत्यादी. सर्वसाधारणपणे सर्वांत कमी फी इथे असते.

२. शासकीय किंवा अनुदानित, पण स्वायत्त किंवा विद्यापीठाचा दर्जा असलेल्या संस्था. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस. इथली फी साध्या शासकीय कॉलेजपेक्षा बरीच जास्त असू शकते. "सीओईपी सरकारी आहे, म्हणजे वीस-तीस हजारांत होईल," असं धरून चालणारे पालक मला दर वर्षी भेटतात. तसं होत नाही.

३. विद्यापीठांचे स्वतःचे विभाग. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ हे त्यातलं महत्त्वाचं नाव. पालकांच्या यादीत हा रकाना बहुतेक वेळा नसतोच.

४. खासगी विनाअनुदानित कॉलेजं. यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण, म्हणजे एफआरए, २०१५ च्या कायद्यानुसार ठरवतं. इथे कॅपच्या जागा वेगळ्या आणि संस्था स्तरावरच्या जागा वेगळ्या. या दुसऱ्यांना बोलीभाषेत आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो.

५. अभिमत आणि खासगी विद्यापीठं. त्यांची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र असते आणि कॅपशी तिचा संबंध नसतो. नावात "युनिव्हर्सिटी" दिसलं की हा रकाना आहे का, ते आधी तपासा.

> तपासा: यादीतल्या प्रत्येक कॉलेजपुढे रकाना क्रमांक लिहिलाय का? एखादं कॉलेज गेल्या दोन-तीन वर्षांत खासगी विद्यापीठ झालेलं असेल, तर शेजारच्या मुलाने सांगितलेली जुनी फी आणि जुना नियम तुमच्या कामाचा नाही.

टप्पा २: कागदपत्रं, कारण त्यांच्यावरच खरी फी ठरते

हा टप्पा पालक शेवटी करतात. तो इथेच करा, शक्यतो अकरावी-बारावीतच. शिष्यवृत्ती हातात येणार की नाही हे तुमच्या परिस्थितीइतकंच तहसील कचेरीतल्या कागदावर अवलंबून असतं.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, राखीव प्रवर्ग असल्यास जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर, खुल्या प्रवर्गात पात्र असल्यास ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र. यातला सर्वांत वेळखाऊ कागद जात पडताळणीचा. जिल्हा समितीकडे अर्ज करून काही महिने जाऊ शकतात, त्यामुळे निकालानंतर धावाधाव करून उपयोग नाही. नॉन-क्रिमीलेअरवर वैधतेची तारीख असते. प्रवेशाच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो चालतो का, हे दाखला हातात धरून बघा. मोठ्या भावाच्या वेळचा काढून ठेवलेला दाखला फाइलमध्ये असतो आणि तोच स्कॅन होऊन जातो, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

दाखल्यावरचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव तिन्ही अक्षराला अक्षर जुळवा. विद्यार्थ्याचं बँक खातं आधारशी जोडलेलं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सुरू आहे का, हे बँकेत जाऊन विचारा. पासबुकावर आधार नंबर छापलाय म्हणजे ते काम झालं, असं नसतं.

> सावध: दिलेल्या मुदतीत पडताळणी किंवा नॉन-क्रिमीलेअर सादर झालं नाही, तर प्रवर्गाचा दावा जातो आणि विद्यार्थी खुल्या प्रवर्गात धरला जातो. सीटही बदलते, फीही बदलते.

टप्पा ३: आपल्याला कोणती सवलत, ते एका ओळीत लिहा

वहीच्या पानावर वर मोठ्या अक्षरात लिहायचं: आमच्या मुलाला किंवा मुलीला कोणत्या योजनेतून किती टक्के.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलं तर शिक्षण शुल्काच्या ५० टक्के. कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरती.

मुलींसाठी: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ.

ओबीसी मुलांना शिक्षण शुल्काच्या निम्मं, तर विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. इथे नॉन-क्रिमीलेअर लागतंच.

अनुसूचित जाती आणि जमाती: अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप.

टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम): प्रत्येक अभ्यासक्रमात मंजूर संख्येच्या ५ टक्के जादा जागा असतात, त्यांना शिक्षण शुल्क माफ. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. यांचा चॉइस कोड वेगळा असतो आणि अर्जात तसं आधी नोंदवावं लागतं. चांगल्या कॉलेजात या जागांची कटऑफ नेहमीच्या जागेपेक्षाही वर जाते, म्हणून मिळेलच असं धरू नका. पण कोड भरायलाच विसरणं म्हणजे हातानं पैसे सोडणं आहे.

राहण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जातीसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयंम, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला ५०,००० रुपयांची.

आता या टप्प्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सवलत शिक्षण शुल्कावर असते. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, अनामत हे बहुतेक योजनांत त्यात धरलं जात नाही. आणि सवलत कॅपमधून घेतलेल्या जागेवर असते. "मुलींना शिक्षण मोफत आहे ना," असं म्हणत एक गृहस्थ मुलीला घेऊन थेट एका कॉलेजच्या कार्यालयात संस्था स्तरावरचा प्रवेश ठरवून आले होते. पहिला हप्ता भरायच्या आदल्या दिवशी सहज बोलता बोलता ते मला कळलं, म्हणून वाचले.

टप्पा ४: चार वर्षांचा हिशोब मांडा

प्रत्येक कॉलेजला वहीचं एक पान. फीचा आकडा कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतून किंवा एजंटच्या तोंडून घेऊ नका. खासगी कॉलेजची मंजूर फी एफआरएच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मिळते, तिथूनच उतरवा. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळ्या ओळींत लिहा, कारण सवलत एकीवरच लागते.

पानाच्या ओळी अशा: शिक्षण शुल्क, वजा सवलत, विकास शुल्क, वसतिगृह किंवा खोली, मेस, बस आणि गावी येण्या-जाण्याचा खर्च, पुस्तकं आणि साहित्य. खाली एकदाच होणारे खर्च: लॅपटॉप, अनामत, गादी-भांडी.

एक उदाहरण करून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पंढरपूरजवळ राहणारा मुलगा, शाहू शिष्यवृत्तीला पात्र, कुटुंबाचं उत्पन्न ५ लाख.

पान अ, दुसऱ्या जिल्ह्यातलं शासकीय कॉलेज: एकूण फी ४०,०००, त्यात शिक्षण शुल्क २५,०००. निम्मं माफ झाल्यावर भरायचे २७,५००. वसतिगृह १५,०००, मेस दहा महिन्यांची ३५,०००, प्रवास ६,०००, पुस्तकं ८,०००. वर्षाला ९१,५००, चार वर्षांना ३,६६,०००.

पान ब, घरापासून बसने जाता येणारं खासगी कॉलेज: शिक्षण शुल्क १,१०,०००, निम्मं माफ म्हणजे ५५,०००. विकास शुल्क १०,०००, बस १८,०००, पुस्तकं ८,०००. वर्षाला ९१,०००, चार वर्षांना ३,६४,०००.

पान क, पुण्यातलं नावाजलेलं खासगी कॉलेज: शिक्षण शुल्क १,६०,०००, निम्मं माफ म्हणजे ८०,०००. विकास शुल्क १६,०००, कॉट बेसिसवर खोली दहा महिन्यांची ८०,०००, मेस ३८,०००, प्रवास १०,०००, पुस्तकं ८,०००. वर्षाला २,३२,०००, चार वर्षांना ९,२८,०००.

अ आणि ब यांच्यात चार वर्षांत दोन हजारांचा फरक आहे. फीच्या तक्त्यात मात्र एकीकडे ४०,००० आणि दुसरीकडे १,२०,००० दिसत होते आणि वडिलांनी ब वर केव्हाच काट मारली असती. तेच क मध्ये मुलाला टीएफडब्ल्यूएसची जागा मिळाली, तर वर्षाला ८०,००० कमी होऊन चार वर्षांचे ६,०८,००० होतात. आणि क मध्येच संस्था स्तरावरची जागा घेतली, तर सवलत गेली म्हणून कॅपइतकीच फी धरली तरी १२,४८,००० होतात. कॉलेज तेच, वर्ग तोच, शिक्षक तेच, पण खर्च दुप्पट.

ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीतली मुलगी असेल तर हेच पान पूर्ण बदलतं. पान ब मध्ये शिक्षण शुल्क शून्य, म्हणजे वर्षाला ३६,००० आणि चार वर्षांना १,४४,०००. पान अ मध्ये राहण्या-जेवणाचा खर्च तसाच राहतो, म्हणून ते ३,१६,००० वर थांबतं. म्हणजे तिच्यासाठी घराजवळचं खासगी कॉलेज दूरच्या शासकीयपेक्षा निम्म्याहून स्वस्त पडतं.

> सावध: फी चार वर्षं तीच राहील असं धरू नका. १,४०,००० रुपयांची फी दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढली, तर चार वर्षांची बेरीज ५,६०,००० ऐवजी साधारण ६,०३,००० होते. अंतिम निर्णयाच्या दोन-तीन पानांवर ही वाढ घालून पाहाच.

> तपासा: प्रत्येक पानावर "चार वर्षांचे एकूण" लिहिलंय का? ज्या पानावर फक्त पहिल्या वर्षाचा आकडा आहे, ते पान अपूर्ण आहे.

टप्पा ५: कर्ज लागणार असेल तर हप्ता आत्ताच काढा

बेरीज आणि घरातून देता येईल ती रक्कम यांच्यातला फरक म्हणजे कर्ज. आकडा कागदावर छोटा वाटतो, म्हणून हप्ता काढायचा.

समजा दर वर्षी २ लाख असे चार वर्षांत ८ लाख उचलले, व्याज १० टक्के. शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं. पहिल्या दोन लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यांवर चार, मग तीन, मग दोन. सरळ व्याजाने २,८०,००० होतात. हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज ८ नाही, १०,८०,००० असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १४,२७० रुपये. हा आकडा मुलाला दाखवा. पहिल्या नोकरीच्या पगारातून तो जाणार आहे, त्यामुळे तो त्याला आधी माहीत असायला हवा.

शैक्षणिक कर्जाच्या सर्वसाधारण योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी विनातारण, विनाजामीनदार कर्ज आहे, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे टप्पा ४ च्या पानावर लिहून ठेवा. शिक्षण चालू असताना आणि पुढच्या त्या एका वर्षात दर महिन्याला नुसतं व्याज भरता आलं, तर जरूर भरा. वरच्या उदाहरणातले २,८०,००० मुद्दलात चढत नाहीत.

टप्पा ६: खर्च सारखा किंवा जवळपास असेल तेव्हा काय बघायचं

आधी हिशोब, मग हा टप्पा. उलट केलं की कॉलेजच्या इमारतीच्या प्रेमात पडून हिशोब वाकवला जातो.

ज्या ब्रांचला प्रवेश घ्यायचा आहे, तिला एनबीएची (अभ्यासक्रमाचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का बघा. ती पूर्ण कॉलेजला नसते, ब्रांचनिहाय असते, आणि तिला मुदत असते. "आमचं कॉलेज एनबीए आहे," असं सांगितलं की ब्रांच आणि तारीख विचारा.

प्लेसमेंटचं विचारताना सर्वांत मोठं पॅकेज विचारू नका. एका मुलाला मिळालेल्या पगारावर कॉलेजबाहेरचा फलक उभा असतो. त्याऐवजी तीन प्रश्न: तुमच्या ब्रांचच्या किती मुलांनी नाव नोंदवलं, किती जणांना प्रत्यक्ष नेमणूक मिळाली, आणि पगारांच्या क्रमात मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार किती. तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना कॉलेजच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर गाठा. प्रात्यक्षिकं होतात का, ब्रांचला कायमचे शिक्षक किती, तास रोज होतात का. हे प्रश्न शासकीय कॉलेजच्या बाबतीतही विचारा. काही शासकीय कॉलेजांत मंजूर पदं रिक्त असतात आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात. फी कमी आहे म्हणून हे तपासायचं सोडू नका.

ब्रांचबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चांगल्या शासकीय कॉलेजातली मेकॅनिकल किंवा सिव्हिल सोडून, कर्ज काढून, कुठल्यातरी खासगी कॉलेजात फक्त नावात "कॉम्प्युटर" किंवा "एआय" आहे म्हणून जाणं मला पटत नाही. मुलाला तो विषय मनापासून आवडत असेल, त्याने बारावीत स्वतःहून काही प्रोग्रॅम लिहून पाहिले असतील, तर गोष्ट वेगळी. "सगळे तेच घेतायत" हे कारण बारा लाखांच्या कर्जाला पुरत नाही.

टप्पा ७: गेल्या वर्षीची कटऑफ आणि ऑप्शन फॉर्म

सीईटी सेल, म्हणजे राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष, मागच्या वर्षाची कटऑफ कॉलेज, ब्रांच, प्रवर्ग आणि फेरीनिहाय प्रसिद्ध करतं. कोडचं शेवटचं अक्षर बघायला शिका. एच म्हणजे गृह विद्यापीठाच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्या, एस म्हणजे राज्यस्तर. आपण सोलापूरचे असून पुण्याच्या कॉलेजची एच ची कटऑफ बघत बसलो, तर सगळा अंदाज चुकतो. मुलींच्या जागांचे कोड एल ने सुरू होतात, टीएफडब्ल्यूएसची कटऑफ वेगळ्या रकान्यात असते.

आता यादी. चार वर्षांची बेरीज, ब्रांच आणि टप्पा ६ चे शेरे समोर ठेवून क्रम लावा. क्रमाचा नियम साधा आहे: वरचा पर्याय लागला तर खालच्यासाठी हळहळ वाटता कामा नये. आणि जो खर्च झेपणारच नाही, तो पर्याय यादीत कुठेच नको, अगदी शेवटीसुद्धा.

हे इतकं जोर देऊन सांगण्याचं कारण आहे. २०२५ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर सीट आपोआप गोठत होती, म्हणजे तीच घ्यावी लागत होती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही मिळाली तरी तेच. ती नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. "बघू तरी लागतं का" म्हणून पुण्याचं महागडं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकणाऱ्यांची त्यामुळे कोंडी झाली. हे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतलं फेऱ्यांचं पान छापून वहीला टाचून ठेवा.

बेटरमेंटचंही तसंच. हातातली सीट ठेवून पुढच्या फेरीत गेलात आणि वरचा पर्याय लागला, तर आधीची सीट आपोआप जाते. परत मागता येत नाही. म्हणून प्रत्येक फेरीआधी, हातात असलेल्या पर्यायाच्या वरचे सगळे पर्याय अजूनही हवेत का आणि परवडतात का, हे पुन्हा वाचा.

> तपासा: टीएफडब्ल्यूएसला पात्र असाल तर त्याचा कोड त्याच कॉलेज-ब्रांचच्या साध्या कोडच्या वर टाकलाय का? खाली टाकला तर साधी सीट आधी लागते आणि टीएफडब्ल्यूएसची सवलत जाते. मात्र टीएफडब्ल्यूएसवर प्रवेश घेतल्यावर पुढे कॉलेज किंवा ब्रांच बदलता येत नाही, हे मुलाला आधी सांगा.

> तपासा: फॉर्म शेवटी पक्का करण्याआधी यादी छापून घरात मोठ्याने वाचली का? सायबर कॅफेत रात्री घाईने भरलेल्या फॉर्ममध्ये एका आकड्याच्या चुकीने दुसऱ्या जिल्ह्यातलं कॉलेज लागलेलं मी पाहिलं आहे.

टप्पा ८: प्रवेशाच्या दिवशी पैसे देताना

शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून शासनाचा वाटा प्रवेशाच्या वेळी मागू नये, अशा स्पष्ट सूचना आहेत. तरी "आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" असं ऐकायला मिळतं. शांतपणे योजनेच्या निर्णयाची प्रत पुढे ठेवा आणि तसं लेखी मागा. बऱ्याच ठिकाणी लेखी मागितल्यावर सूर बदलतो.

एका वर्षाहून अधिक फी आगाऊ देऊ नका. मंजूर फीच्या पलीकडे देणगी, इमारत निधी अशा नावाने पैसे मागणं बेकायदा आहे. कॅपिटेशन फी बंदीचा कायदा महाराष्ट्रात १९८७ पासून आहे. रोख काही देऊ नका, प्रत्येक रकमेची शीर्षकासह पावती घ्या. पावतीवर "इतर" लिहिलं असेल तर इतर म्हणजे काय ते विचारा. तक्रार एफआरएकडे करता येते, आणि पावती असेल तरच ती टिकते.

मूळ कागदपत्रं तपासून परत घ्या, कॉलेजने ती ठेवून घ्यायची नसतात. वेळापत्रकातल्या अंतिम तारखेच्या आत प्रवेश रद्द केला, तर १,००० रुपये वजा करून बाकी फी परत मिळते. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

टप्पा ९: शिष्यवृत्तीचा अर्ज आणि त्याचं दर वर्षीचं नूतनीकरण

इथे हिशोब बिघडतो तो पहिल्या नाही, दुसऱ्या वर्षी. प्रवेश झाला की महाडीबीटीवर अर्ज भरला जातो, कॉलेजचा लिपिक आठवण करतो, सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज मुलाने स्वतः भरायचा असतो, तो राहतो, आणि मार्चमध्ये कॉलेज पूर्ण फी मागतं. पान ब चे ९१,००० त्या एका वर्षी १,४६,००० होतात.

अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या स्तरावर अडकला आहे की विभागाकडे गेला आहे, हे महिन्यातून एकदा लॉगइन करून बघा. त्रुटी काढून परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर तो तिथेच संपतो. उत्पन्नाचा दाखला नव्याने लागतो का, हजेरीची अट किती, एखादं वर्ष राहिलं तर सवलतीचं काय होतं, हे तुमच्या योजनेच्या निर्णयात वाचून घ्या आणि मुलाला वाचायला लावा. काही योजनांचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात आणि तिथून कॉलेजला भरायचे असतात. ते आल्याबरोबर भरा आणि पावती त्या वर्षाच्या पानाला टाचा.

माझ्याकडे माढ्याहून एक शेतकरी येतात, त्यांची मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या पिशवीत एक जाड वही असते. डाव्या पानावर प्रवेशाआधी मांडलेला अंदाज, उजव्या पानावर प्रत्यक्ष भरलेले पैसे, प्रत्येक ओळीपुढे पावतीचा नंबर. दुसऱ्या वर्षी कॉलेजने विकास शुल्काच्या नावाखाली मागितलेली जादा रक्कम त्यांनी ती वही लिपिकाच्या टेबलावर उघडून दाखवली, एफआरएचा छापील आकडा शेजारी ठेवला, आणि मंजूर होती तेवढीच रक्कम भरून पावती घेऊन आले.